आत्याच्या मड्डमा

भाच्याच्या नव्या घराच्या पायरीशेजारी एक दगडी डोण आहे. माणूस आडवा झोपेल एवढी लांब, आणि कडा गुरांच्या मानांनी घासून घासून गुळगुळीत झालेल्या. सूनबाईनं तिच्यात माती भरून शेवंती लावली आहे. परवा आश्विनात मी गावी गेले होते, तेव्हा ऊन उतरल्यावर त्या कडेवर हात टेकून बसले. सूनबाई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आत्याबाई, ही गुरांना पाणी पाजायची असंल ना पहिली?"

"गुरांची," मी म्हटलं, "आणि बदकांची."

ती हसली. तिला वाटलं, मी थट्टा करते आहे. कामशेतहून वडिवळ्याकडे जाणाऱ्या या रस्त्यावर भाताची खाचरं असतात, गोठ्यात म्हशी असतात, दारात कोंबड्या असतात. बदकं असतात ती लोणावळ्याच्या बंगल्यांत, नाहीतर लहान मुलांच्या पुस्तकात. तिचं काही चुकलं नाही. माझ्या लहानपणी पंचक्रोशीत बदकं होती ती फक्त आमच्या घरी, आणि तीही माझी आत्या लोणावळ्याहून परत येताना डालग्यात घालून घेऊन आली म्हणून.

चहा पिता पिता वास आला. खरं तर यायला नको होता. शेवंतीच्या ओल्या मातीचा वास होता तो, पण त्याच्या आत दुसरा एक वास मला लागला: भिजलेल्या पिसांचा, शेवाळाचा, आंबूस कोंड्याचा. इतकी वर्षं शहरात, शाळेच्या खडूच्या धुळीत गेली. तरी तो वास नाकानं कुठंतरी जपून ठेवला होता.

आत्याचे यजमान लोणावळ्याला रेल्वेत होते. घाट चढून दमलेली इंजिनं जिथं विसावतात, तिथं त्यांचं काम. ते गेले, आणि आबा, म्हणजे माझे वडील, आत्याला आणायला गेले. मी सात-आठ वर्षांची असेन. थंडीचे दिवस होते. बैलगाडी दारात थांबली तेव्हा आत्या खाली उतरली, मग तिची पत्र्याची पेटी उतरली, आणि मग आबांनी दोन्ही हातांनी एक डालगं असं उतरवलं की जणू त्यात देव बसलाय. डालग्यावर लुगड्याचा तुकडा बांधलेला होता आणि आतून बायका कुजबुजाव्यात तसा आवाज येत होता.

आई म्हणाली, "वन्सं, कोंबड्या आणल्या व्हय?"

आत्यानं तुकड्याची गाठ सोडली. एक लांब पांढरी मान वर आली, तिच्या टोकाला पिवळी चपटी चोच. त्या पाखरानं मान वाकडी करून एका डोळ्यानं आईकडे बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिलं.

"हे काय ध्यान," आई म्हणाली.

शेजारच्या गोऱ्या ड्रायव्हरची बाई विलायतेला जाताना ती बदकं आत्याच्या यजमानांना देऊन गेली होती. चार माद्या, एक नर. नराच्या शेपटीवर एक पीस वर वळलेलं असे, नुकत्याच झोपेतून उठलेल्या मुलाच्या केसासारखं. गावानं त्यांना आठवड्याच्या आत नाव ठेवलं: मड्डमा. रंगानं पांढऱ्याफेक, मान ताठ, कुणाकडे न बघता कंबर हलवत चालायच्या. दुसरं नाव सुचणं शक्यच नव्हतं. आत्या त्यांना घेऊन ओढ्यावर निघाली की धुणं धुणाऱ्या बायका सरसावून बसत.

"घागरी बाजूला घ्या गं. तानाबाईच्या मड्डमा आंघुळीला आल्या."

"आल्या तर आल्या," आत्या म्हणे. "त्या रोज आंघूळ करत्यात. तुमच्या घरातलं कोण कोण करतं, त्ये सांगा आधी."

बायका हसत, आणि आत्याही हसल्यासारखं करी. पण ती मनातून हसत नव्हती, हे मला त्या वयातही कळत होतं. कारण तिच्या पाठोपाठच लोणावळ्याहून तिच्या दिराचा निरोप आला होता. कामशेतच्या पेठेत भात घालायला गेलेल्या एका गाडीवानानं तो आमच्या ओट्यावर उभा राहून सांगितला होता. पुढची दिवाळी झाली की वहिनीला न्यायला येतो. घरात लेकरं लहान आहेत, सांभाळायला माणूस पाहिजे.

आबांनी गाडीवानाला पाणी दिलं, तंबाखू दिली, उत्तर दिलं नाही. संध्याकाळी चुलीपाशी आत्याच बोलली.

"दादा, मला तिकडं न्हाई जायचं. दुसऱ्याची लेकरं आन् दुसऱ्याची चूल. पर हितं फुकट बसून बी न्हाई खायचं मला."

"तुला कुणी हिशेब मागितलाय, ताने?"

"तू मागत न्हाईस म्हणून तर. बदकांची अंडी लोणावळ्याला जातील. बंगल्यातले खानसामे केकात घालत्यात, त्यांना कोंबडीचं चालत न्हाई. माझं तेलमीठ त्याच्यात सुटंल. तेवढं जमलं तर मी ऱ्हाते. न्हाई जमलं, तर दिवाळीला पेटी बांधते."

आबांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ देत बदकं. पर एक सांगून ठिवतो. भातात त्यांचा पाय दिसला, तर बाजारात जातील. आन् बाजारात बदक कोण कशापायी घेतं, त्ये तुला म्हाईत हाय."

असं सगळं त्या पांढऱ्या पाखरांवर येऊन ठेपलं. आत्याचं राहणं, जाणं. मला वाटतं म्हणूनच मी त्यांच्याकडे कधी खेळणं म्हणून बघू शकले नाही. सकाळी डोळे उघडले की पहिला कान खुराड्याकडे जाई.

बदकं पहाटे अंडी घालतात, आणि जिथं उभी असतील तिथंच घालतात. कोंबडीसारखा आडोसा शोधत नाहीत. लवकर सोडली तर अंडं ओढ्यात पडायचं आणि गेलंच. म्हणून उन्हं अंगणात उतरेपर्यंत खुराड्याचं दार उघडायचं नाही, हा आत्याचा नियम होता. ती आत ओरडत, दाराच्या फटीतून चोची बाहेर काढत, आणि आत्या दाराला पाठ लावून शांत बसे. दार उघडल्यावर ती रांगेनं बाहेर पडत, आणि मग मी वाकून आत शिरायची. आत ऊबदार काळोख, पेंढ्याला आलेला आंबूस दमट वास, आणि त्या पेंढ्यात हिरवट झाक असलेली मोठी, थंडगार अंडी. ती हातात घेतली की हात भरून जाई. आम्ही ती भाताच्या तुसात पुरून ठेवत असू. दुधाच्या कासंड्या घेऊन गाडीनं लोणावळ्याला जाणारा एक गवळी ती घेऊन जाई.

आईला त्यांचा राग होता तो सारवणावरून. तिनं अंगण सारवावं, हात धुवावेत आणि मागं वळून बघावं, तर ओल्या सारवणावर पानासारखे पाय उमटलेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "सारवलं की रांगुळी घालायला हजर," ती म्हणे. पण आत्या नसताना तिला मी एकदा शिळी भाकरी कुस्करून पाण्यात टाकताना बघितलं आहे. बदकं कोरडं खात नाहीत. भाकरीचा तुकडा दिला तरी तो धावत नेऊन डोणीत बुडवतात, मग गिळतात. आईला ते आवडलं होतं. तिचे वडीलही दात पडल्यावर भाकरी पाण्यात बुडवूनच खायचे, असं ती म्हणाली.

उन्हाळ्यात ओढा आटला तेव्हा या डोणीला महत्त्व आलं. सगळा माळ करपून गेलेला, खाचरांना भेगा पडलेल्या, आणि मैलभरात पाणी काय ते विहिरीच्या तळाला. बदकं दिवसभर करवंदीच्या जाळ्यांखाली, विहिरीच्या कठड्याआड, सावली असेल तिथं पसरून बसत. दिवस मावळायला आला की आत्या घागरी आणून डोणीत ओती. उंचावरून ओती, मुद्दाम. घागरीतून पाणी दगडावर पडल्याचा तो भरदार आवाज झाला, की करवंदीच्या जाळीतून, बांधाआडून, गोठ्यामागून पांढऱ्या माना वर येत आणि सगळ्या मड्डमा लाज सोडून, पंख पसरून पळत येत. पाय पायात अडकून एखादी तोंडावर पडे, उठून पुन्हा पळे. डोणीत उडी मारल्यावर त्यांच्या पिसांवरून पाण्याचे थेंब मोत्यांसारखे घरंगळत. आत्या रिकामी घागर कमरेवर घेऊन बघत उभी राहायची. दिवसातला तेवढा वेळ तिचा चेहरा सैल असे.

"बघ कशी शिकवलीत," ती मला म्हणायची. "हाक मारायला नगं, दगूड मारायला नगं. पाणी वतलं की घरी."

आम्हा सगळ्यांनाच त्याचं कौतुक होतं. गावातली माणसं संध्याकाळी मुद्दाम बघायला येत. त्यातल्या एकालाही ज्येष्ठ-आषाढाची आठवण झाली नाही.

रोपं तरव्याच्या वाफ्यात होती तोवर बदकं गोठ्यात कोंडलेली राहिली. आवणी आटोपली, रोपांनी मूळ धरलं, खाचरं हिरवी दिसू लागली, तेव्हा आत्यानं त्यांना ओढ्याच्या अंगानं सोडायला सुरुवात केली. मीही डोक्यावर इरलं घेऊन तिच्याबरोबर असे. इरल्याच्या पळसाच्या पानांवर पाऊस वाजतो तो आवाज मला अजून सगळ्यात सुरक्षित आवाज वाटतो. त्या आवाजाखाली बसून मी बदकांना चिखल चाळताना बघत बसे. चोच चिखलात खुपसून ती अशी झपाट्यानं पुढं जात की जणू शिवणयंत्र चालतंय. गोगलगायी, बेडकांची पोरं, जे मिळेल ते.

एकदा आबा बांधावर आले आणि थबकले. नर बदक खालच्या खाचराच्या बांधाला लागून, पार भातात उभं होतं आणि बांधातल्या बिळातून एक खेकडा ओढून काढत होतं. खेकड्यांनी त्या वर्षी आबांना जेरीस आणलं होतं. बांध पोखरायचे, रात्रीत खाचर रिकामं व्हायचं. बदकानं खेकडा उचलून आपटला, पुन्हा उचलला, आणि पाण्यात बुडवून गिळला. मग दुसऱ्या बिळाकडे वळलं.

आत्या चिंब भिजून उभी होती. बदकाचा पाय भातात होता, आणि आबांच्या डोळ्यांसमोर होता.

आबा वळले. बांधाकडे पाठ करून, लांबच्या डोंगराकडे तोंड करून उभे राहिले.

"धुकं लय हाय आज," ते म्हणाले. "काय बी दिसत न्हाई." आणि घराकडे चालू लागले.

त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरात बदकांबद्दल कुणी बोललं नाही, आणि बदकं खाचरांच्या कडेनं हवी तशी फिरली. आत्या जेवताना दोन घास जास्त जेवायला लागली होती.

आणि मग श्रावणातल्या एका संध्याकाळी ती आली नाहीत.

आत्यानं नेहमीसारखी घागर आणून डोणीत ओतली. डोण आधीच काठोकाठ भरून वाहत होती. पागोळ्यांचं पाणी पडत होतं, ओढा गर्जत होता, या खाचराचं पाणी त्या खाचरात खळाळत उतरत होतं, डोंगराच्या कड्यांवरून पांढऱ्या धारा लोंबत होत्या. सगळा मावळ पाण्याचा आवाज करत होता. त्यात आत्याच्या घागरीचा आवाज मला, तिच्या शेजारी उभी असूनही, ऐकू आला नाही. तिनं दुसरी घागर ओतली. तिसरी ओतली. भरलेल्या डोणीत ती पाणी ओतत राहिली आणि पाणी कडेवरून सांडून तिच्याच पायांवर पडत राहिलं. शेवटी आईनं जाऊन तिच्या हातातून घागर काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी आबा काठी घेऊन ओढ्याच्या काठानं खाली गेले. ओढा इंद्रायणीला मिळतो तिथपर्यंत गेले. नदी तांबडी, दोन्ही काठ सोडून वाहत होती. निवडुंगाला अडकलेलं एक पांढरं पीस त्यांना मिळालं, पण ते त्यांनी घरी आणलं नाही. नुसतं सांगितलं.

"कोल्ह्यानं न्हेली असतील," शेजारी म्हणाले.

खुराडं झाडून, धुवून आत्यानं उपडं घातलं. चार-सहा दिवसांनी भाकरी थापता थापता ती आईला सहज विचारावं तसं म्हणाली, "वयनी, माझ्या दिराच्या धाकट्याचं नाव काय ठिवलंय, तुमाला म्हाईत हाय का?" आईच्या हातातला उंडा तसाच राहिला.

गौरी-गणपती झाल्यावर आबा कामशेतच्या बाजारातून आले ते ओट्यावर न टेकता सरळ स्वयंपाकघरात आले. बाजारात इंदुरीचा एक कासार भेटला होता. त्याच्या बोलण्यात आलं की किल्ल्याखाली, नदीकाठी, हलिमा मावशी म्हणून एक पिंजाऱ्याची म्हातारी आहे. तिच्या दारात पुराबरोबर पांढरी पाखरं वाहत आली आहेत, आणि गाव बघायला जातंय.

आम्ही तिघं गेलो: आबा, आत्या आणि हट्ट करून मी. कामशेतहून तळेगावपर्यंत आगगाडी, तिथून पायी. आगगाडीत बसण्याची माझी ती पहिलीच वेळ. स्टेशनात इंजिन शिरलं तेव्हा आत्या त्याच्याकडे बघत फलाटावर जरा मागंच थांबली. आबांनी तिला घाई केली नाही. मग तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि डब्यात चढली.

हलिमा मावशीचं घर सापडायला वेळ लागला नाही. दारात कापूस पिंजत होते. कमानीची तात वाजत होती, आणि कापसाचे हलके पुंजके उडून पेरूच्या झाडाला, कुडाला, जिथं तिथं चिकटले होते. त्या पांढऱ्या पसाऱ्यात तीन मड्डमा बसल्या होत्या, दोन माद्या आणि शेपटीला वळलेलं पीस असलेला नर. क्षणभर मला वाटलं, तीही कापसाचीच केलेली आहेत.

"ह्याच व्हय तुझ्या?" हलिमा मावशी म्हणाली. ती ठेंगणी, सुरकुतलेली, बोळक्या तोंडाची होती. "ने बाई. आमी काय अडकवून ठिवल्या न्हाईत. पर आता ह्यांचा कालवा ऐकल्याबिगर मला जाग येत न्हाई, त्येवढं सांगते."

आत्यानं दारातली कळशी उचलली आणि परातीत उंचावरून पाणी ओतलं. तिन्ही माना वर झाल्या. त्यांनी आत्याकडे बघितलं. मग सूर्य नदीपलीकडे कलला होता म्हणून मावशीची काळी कोंबडी कुडाच्या खोपटाकडे निघाली, आणि मड्डमा उठून कोंबडीच्या मागं चालू लागल्या.

"ही काय तऱ्हा?" मावशीनं विचारलं. "पाणी कशाला वतलंस?"

आत्यानं सांगितलं. मावशी ऐकत राहिली, आणि मग हसायला लागली. हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला.

"पाण्याच्या आवाजावर शिकवलीस? मावळात? आगं लेकी, पावसाळ्यात समदा मावळच पाणी वततो की. बिचारी कुटं कुटं म्हणून जातील?"

मी घाबरून आत्याकडे बघितलं. आणि आत्या हसली. आबा हसले. कमान थांबवून पिंजणारा मावशीचा मुलगाही हसला. लोणावळ्याहून आल्यापासून आत्या मनापासून हसलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

गूळ घातलेला चहा झाला. आबा डालगं पुढं करून म्हणाले, "चल, घाल आत. गाडी गाठायचीय."

आत्या जागची हलली नाही. कुडाच्या दारात बसलेल्या बदकांकडे बघून म्हणाली, "न्हेली तरी काय उपेग, दादा. पुढल्या पावसात पुन्हा हितंच येतील. ह्यांना घर म्हाईत न्हाई. पाणी म्हाईत हाय."

"मग अंडी ने," हलिमा मावशी म्हणाली. "तुमच्यात खुडूक कोंबडी असंलच. तिच्याखाली बसव. जी जिच्याखाली निघत्यात, ती तिच्या मागं घरी येत्यात. माझ्या बापानं मुळशीकडं ठिवली व्हती, मी बघितलंय. फकस्त कोंबडीच्या पिल्लांपरीस आठवडाभर जादा लागतं. तवर कोंबडीला उठू द्यायचं न्हाई. आन् अंड्यांवर कोमट पाणी शिंपडत जा, कवच लय जाड असतं."

आम्ही परत आलो ते रिकामं डालगं घेऊन नव्हे, आणि भरलेलंही नव्हे. तळाशी तूस, तुसात हिरवट अंडी. आगगाडीत आत्यानं ते डालगं मांडीवर घेतलं आणि रुळांच्या प्रत्येक धक्क्याला ती स्वतः जरा वर उचलली जात होती, धक्का अंड्यांना लागू नये म्हणून.

आमच्या काबऱ्या कोंबडीनं ती अंडी पोटाखाली घेतली. काबरी तशी तापट. पिल्लं निघायचे तिचे नेहमीचे दिवस सरले आणि काहीच झालं नाही, तेव्हा ती अस्वस्थ झाली. उठून उभी राही, अंड्यांकडे बघे, आमच्याकडे बघे. आई म्हणाली, "वन्सं, नासली असतील बघा." आत्या टोपलीपाशी बसून राहिली. तांदळाची कणी तिनं तळहातावर धरून काबरीला भरवली, पाणी वाटीनं तोंडाशी नेलं. गावात दसऱ्याचं सोनं वाटत होते, आणि ती काबरीची पाठ थोपटत होती. "बस गं बाय. जरा दम काढ. आपल्या दोघींचंच काम हाय हे."

सोनं लुटून झाल्यावर दोन दिवसांनी टोपलीतून टोकरल्याचा आवाज आला.

पिल्लं पिवळीधमक होती. काबरीला ती पसंत पडली. तिनं त्यांना उकिरडा दाखवला, उकरायचं कसं ते शिकवलं. त्यांच्या पायांना ते जमेना. मग एके दिवशी ती ओढ्यावर गेली आणि पिल्लं एकामागून एक पाण्यात उतरली. काबरीनं जो आकांत केला त्यानं धुणं धुणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. ती काठावरून इकडून तिकडे धावत होती, पंख आपटत होती. पिल्लं निवांत तरंगत होती. पण दिवस कलला, काबरी एकदा बारीक आवाजात बोलली आणि घराकडे वळली, तशी सगळी पिल्लं पाण्यातून बाहेर पडून, अंग झटकून, बांधावरून तिच्या मागं निघाली. ओढा वाहत होता, पाटाचं पाणी वाजत होतं. त्यांनी एकदाही मागं बघितलं नाही. आत्या बांधावर उभी होती, तिनं हाक मारली नाही, काही ओतलं नाही. तिच्या पायांशेजारून ती ओळ घरी गेली.

भात निसवून गेलं होतं. तेव्हा आंबेमोहर लावत. त्याचा वास संध्याकाळी खाचरांवरून उठून घराच्या आढ्यापर्यंत भरायचा. आता दुसऱ्या जाती लावतात, पीक जास्त येतं. मी तक्रार करत नाही. पण परवा डोणीपाशी बसले असताना मी दोनतीनदा खोल श्वास घेतला आणि तो वास काही लागला नाही.

सूनबाई कप घ्यायला परत आली होती, ती ऐकत तिथंच थांबली होती. तिनं विचारलं, "मग गेल्या का तुमच्या आत्या लोणावळ्याला?" तिच्या धाकट्यानं तिच्या पदराला धरलं होतं. मी त्याला जवळ घेतलं. त्या वर्षी माझी धाकटी भावंडं अशीच होती, एक रांगतं, एक पदर धरून चालणारं. आई शेतावर, मी घरात थोरली. आत्या गेली असती तर ती दोघं माझ्या कडेवर आली असती, आणि कामशेतच्या शाळेची वाट, पुढं तळेगावची, आणि त्याच्याही पुढं पुण्याची, मी कधी चालले नसते. आमच्या घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदा आला तो माझ्या नावानं. त्यासाठी मी कुणाकुणाचे उपकार मानते ते मनात म्हणते तेव्हा आईवडिलांनंतर आत्याचं नाव येतं, आणि मग, हसू येतं, काबरीचं.

दिवाळी झाल्यावर दीर आला. वाईट माणूस नव्हता तो. काळी टोपी, हातात छत्री, पायांत चांगल्या वहाणा, आणि आमच्यासाठी चिक्कीचा पुडा. ओट्यावर टेकून त्यानं पाणी घेतलं आणि म्हणाला, "वहिनी, तयारी झाली का? चारची गाडी आहे."

आत्या अंगणात उकिडवी बसून पिल्लांना कोंडा कालवून घालत होती. पिल्लांच्या अंगावर आता पिवळ्यातून पांढरं फुटायला लागलं होतं. तिनं मान वर न करता सांगितलं, "माझं यायचं न्हाई व्हायचं, भावजी. पिल्लं ल्हान हैत."

तो हसला. "बदकाची पिल्लं? आमच्या घरी माणसाची पिल्लं आहेत, वहिनी."

"त्यांना आई हाय," आत्या म्हणाली. "ह्यांची आई कोंबडी हाय. तिला पवता येत न्हाई."

त्यानं छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. आबा पडवीत सुंभ वळत बसले होते. त्यांच्याकडे वळून तो म्हणाला, "पाव्हणं, तुम्ही तरी समजावा. भावाच्या घरी किती दिवस राहणार? उद्या लोक आम्हाला नावं ठेवतील."

मी दाराच्या आत उभी होते, कडेवर धाकटा. आईनं चुलीवरचं काही परतायचं थांबवलं होतं. आबांच्या बोटांत सुंभाला पीळ बसत होता, एक, मग पुढचा.

"चारच्या गाडीला लय वेळ हाय," आबा शेवटी म्हणाले. "जेवून जा." आणि आत बघून आईला म्हणाले, "पाव्हण्यांचं पान वाढ. नवे तांदूळ घाल."

दीर जेवला. पोटभर जेवला, भाताला नावाजलं. आबा त्याला शिवेपर्यंत घालवायला गेले आणि उन्हं लांब झाल्यावर परत आले. अंगणात काबरी पिल्लांना घेऊन खुराड्याकडे निघाली होती. पिल्लं दारात ढकलाढकली करत होती, आत मावत नव्हती. आबांनी वाकून खुराड्याची कड चाचपली.

"ताने," ते म्हणाले, "खुराडं ल्हान पडाया लागलं. उद्या कळक तोडून आणतो, मोठं बांधू."

आत्यानं शेवटचं पिल्लू हलक्या हातानं आत सारलं आणि दार लावलं.

"दार पश्चिमंला नगं ठिवू, दादा," ती म्हणाली. "पाऊस तिकडनं मारतो."

पावसाला तेव्हा अजून अर्धं वर्ष होतं.